आबांची कात्री आणि माझी सहा वाक्यं

आबांनी खणातून कात्री काढली की आमच्या खोलीतलं कुणीतरी मुकाट्यानं उठून पंखा बंद करायचं. सांगावं लागायचं नाही. बारामती एमआयडीसीतली पत्र्याची शेड, कडक ऊन, बाहेर टँकरची रांग आणि आत आम्ही पाच-सहा जण घामानं निथळत उभे. कशासाठी, तर आबांच्या टेबलावरच्या कागदाच्या पट्ट्या उडू नयेत म्हणून!

आबा आमच्या दूध प्लांटचे शिफ्ट इनचार्ज होते. शिक्षण म्हणाल तर जेमतेम दहावी. गावच्या डेअरीवर फॅट तपासायला लागले आणि चढत चढत इथवर आले. प्लांटमध्ये काही बिघडलं, सांडलं, अडलं की ज्याच्या हातून झालं किंवा ज्यानं पाहिलं त्यानं रिपोर्ट लिहायचा, आणि तो आबांच्या सहीनं वर जायचा. आता बाकीचे साहेब रिपोर्ट वाचतात. आबा कापायचे. एकेक वाक्य वेगळं कापून पट्ट्या टेबलावर मांडायचे, मग एकेक पट्टी बोटानं झाकून विचारायचे, "ही न्हाय असं समजा. काय अडलं?" काही अडलं नसेल तर पट्टी टोपलीत. उरलेल्या वरखाली सरकवायच्या, डिंकानं कोऱ्या कागदावर चिकटवायच्या आणि कागद आपल्या हातात द्यायचा, पुन्हा लिहून आणायला.

"एका परिच्छेदात एकच गोष्ट," हे त्यांचं रोजचं. "घरी एका दाव्याला दोन म्हशी बांधता का? मग हितं का बांधता? पयल्या वाक्यात गोष्ट सांगा. मधल्यांनी तिला धरून ऱ्हायचं. शेवटच्यानं सांगायचं, पुढं काय केलं. झालं!"

बॉयलरवरच्या एकानं एकदा पानभर रिपोर्ट लिहून आणला. सहाला ड्यूटीवर आलो, अमक्याकडून चार्ज घेतला, चहा घेतला, पाणी तपासलं, सगळं साग्रसंगीत. आबांनी पंखा बंद करायला लावून सावकाश कापायला घेतलं. आम्ही तिष्ठत उभे. शेवटची पट्टी हातात आली आणि आबांचा चेहरा पांढराफटक पडला. 'सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला असून दाब वाढत आहे,' असं होतं त्यात. कात्री तशीच टाकून आबा जे पळाले! मागं आम्ही. बॉयलर वेळेत बंद झाला. परत आल्यावर आबांनी त्या माणसाला एक शिवीही हासडली नाही. खुर्ची दिली, कोरा कागद दिला आणि म्हणाले, "आता पुन्यांदा लिव. उलटीकडनं."

बायकोलाही त्यांनी सोडलं नव्हतं. घरून फोन आला की "जेवलात का" वगैरे सुरू व्हायच्या आत हे म्हणणार, "पयलं वाक्य सांग." ती माउली एकदा वैतागून "गॅस संपलाय" एवढंच बोलली आणि तिनं फोन आपटला. आबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, "आमची मंडळी शिकली बघा."

रजेच्या अर्जाचीही तीच गत. एकानं आई आजारी, शेताला पाणी द्यायचंय आणि मेव्हण्याचं लग्न, अशी तीन कारणं एकाच परिच्छेदात कोंबली. आबांनी तिन्ही पट्ट्या पुढ्यात ठेवल्या. "ह्यातलं खरं कुठलं?"

"लग्न, आबा."

"मग तेवढंच लिव की लेका. दिली रजा."

हे सगळं आता सांगायला गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती. मी पणदऱ्याची, बारामतीत बी.एस्सी. केलेली, कॉलेजात निबंधाचं बक्षीस मिळवलेली. प्लांटच्या लॅबमध्ये लागले तेव्हा नाकाचा शेंडा जरा वरच होता. दुसऱ्याच आठवड्यात आबांनी माझा रिपोर्ट कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "मॅडम, सजवलंय झ्याक," म्हणाले. "पर आत शिरायला दार कुठं हाय?" लोक फिदीफिदी हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. खडूसच होता तो. कुणाला "चांगलं लिहिलंस" म्हणाला असेल तर शपथ.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

दुधाचे पाइप रोज कॉस्टिकनं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं, धुतात. मग पाण्यानं खळखळून काढतात. शेवटचं पाणी लॅबमध्ये येतं, त्यात मी तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं तर कॉस्टिक अजून आहे, पुन्हा धुवा. रंग बदलला नाही तर मी रजिस्टरवर सही करायची आणि मग ऑपरेटरनं व्हॉल्व्ह उघडून दूध घ्यायचं. हा झाला नियम. आणि रीत काय होती? लॅब इकडच्या टोकाला, व्हॉल्व्ह तिकडच्या टोकाला. सहीसाठी कोण चालत येतंय? ऑपरेटर फोन करायचा, "मॅडम, घेऊ का?" आम्ही म्हणायचो, "घ्या." सह्या दुपारी एकदम. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि वर सगळ्यांना माहीत होतं.

त्या सकाळी सहा टँकरचे नमुने एकदम आले. ड्रायव्हर दारात उभे राहून हॉर्नसारखे कोकलत होते. फोन वाजला. दत्ताभाऊ, आमचा ऑपरेटर, म्हणाला, "मॅडम, चार नंबर घेऊ का?" चार नंबरच्या लाईनच्या पाण्याची बाटली माझ्यासमोर होती. तीन नंबरचं पाणी मी तपासलं होतं, चारचं नव्हतं. मी फोन खांद्यात धरून दुसरंच काहीतरी ढवळत होते. म्हणाले, "घ्या."

अर्ध्या तासानं ती बाटली हाताला लागली. दोन थेंब टाकले. गुलाबी झालं, चांगलं गडद. मी धावत गेले तोवर अख्खा सायलो, म्हणजे दुधाची ती उंच टाकी, भरत आला होता. दूध गावात गेलं नाही, पिशवीत भरलं गेलं नाही, एवढंच नशीब. सगळं टाकून द्यावं लागलं.

दत्ताभाऊला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही. सही नसताना व्हॉल्व्ह कुणी उघडला? त्यानं. तो ओरडून सांगत होता, "मी फोन केला व्हता! मॅडमला इचारा!" पण आतल्या फोनची नोंद कुठं असते? मॅनेजर म्हणाले, लेखी द्या, लॅबचा रिपोर्ट येऊ दे. गुरुवारी तीन वाजता समिती बसणार होती. दत्ताभाऊ कंत्राटी माणूस, त्याला काढायला कागदाचा एक चिटोरा पुरे. तो मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी सकाळपासून गेटसमोर लिंबाखाली बसलेला असायचा. मी स्कूटी घेऊन आत जाताना मान वळवायची नाही असं ठरवायचे, आणि तरी तो दिसायचाच.

माझंही काही थोडंथोडकं पणाला नव्हतं. पुढच्या महिन्यात मी कायम होणार होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, अर्ध्या पणदऱ्याला ते सांगूनही टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी दहाला मी रिपोर्ट आबांपुढं ठेवला. रात्रभर घोटून लिहिलेला. सहा वाक्यं होती. मला ती अजून तोंडपाठ आहेत.

'सोमवारी सकाळी चार नंबरच्या सायलोतील दूध कॉस्टिक मिसळल्याने खराब झाले. रजिस्टरवर सही होण्यापूर्वीच ऑपरेटरने व्हॉल्व्ह उघडला. नियमानुसार सहीशिवाय व्हॉल्व्ह उघडता येत नाही. त्या वेळी लॅबमध्ये सहा टँकरचे नमुने तपासणीसाठी आलेले होते. ऑपरेटरने आधी फोन करून विचारले असता लॅबने तपासणी न करता होकार दिला. सर्व दूध टाकून देण्यात आले असून ते बाजारात गेलेले नाही.'

बघा, मी लपवलं नव्हतं हो काही! फोनचं लिहिलं होतं. तपासणी न करता, हेही लिहिलं होतं. मी स्वतःला प्रामाणिक समजत होते.

आबांनी वाचलं. मग खण उघडला. खोलीत आम्ही दोघंच होतो, त्यामुळं पंखा मीच बंद केला.

सहा पट्ट्या झाल्या. त्यांनी त्या माझ्याच क्रमानं मांडल्या आणि बोटं पुसत विचारलं, "समदी खरी हायती?"

"हो."

"एक बी खोटं न्हाय?"

"नाही, आबा. तुम्ही कुणालाही विचारा."

"खरंच हायती. मला ठावं हाय." त्यांनी पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं. "मॅनेजर सायेब किती वाक्यं वाचत्यात?"

सगळ्या प्लांटला माहीत होतं. दोन. फार तर तीन.

"मंजी ते दुसरं वाचत्यात, तिसरं वाचत्यात आन दत्ताला काढत्यात. पाचव्यापत्तुर कोण जातंय? पोरी, वाक्यं समदी खरी. परिच्छेद खोटा हाय."

मला असा राग आला! वाटलं, टेबलावरच्या पट्ट्या फुंकर मारून उडवून द्याव्यात. मी म्हणाले, "मग मी काय करू? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ? सगळेच फोनवर सांगतात! तुम्हाला माहीत नव्हतं? माझं कायम व्हायचंय, आबा! दत्ताभाऊला दुसरीकडं काम मिळेल, एमआयडीसीत ऑपरेटरला काय तोटा?"

बोलून गेले आणि माझेच कान तापले. आबांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त उठले, डिंकाची बाटली माझ्यापुढं सरकवली.

"मला बी ठावं व्हतं. ते मी माझ्या कागदावर लिवीन," ते म्हणाले. "हितं जी पट्टी उचलताना हात अडतो ती वर लावायची, मला एवढंच येतंय. साडेबाराला येतो. जसं चिकटवशील तसं सही करतो. क्रम तुझा."

आणि गेले. दार ओढून घेऊन गेले.

दोन तास. पत्र्याची शेड, पंखा बंद, आणि मी. मी पहिली पट्टी पहिली लावून बघितली, दुसरीला चौथी केलं, पाचवीला तिसरी केलं. तिसरी म्हणजे वाचली तर वाचली, नाही तर नाही. ते बरं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली आणि सगळ्या पट्ट्या पुन्हा विस्कटल्या. खिडकीतून गेटजवळचा लिंब दिसत होता. दत्ताभाऊ चप्पल काढून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीकडे मान वर करून बघत होता. कुणी थांबत नव्हतं. त्याच्याबरोबर रोज डबा खाणारेही थांबत नव्हते. मला अण्णांचा चेहरा दिसायला लागला. मी पाचवी पट्टी उचलली तर ती घामानं तळहाताला चिकटली. सोडवून वर लावली. पुन्हा काढली. पुन्हा लावली.

शेवटी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'चार नंबरच्या लाईनचे पाणी न तपासता मी ऑपरेटरला फोनवर "घ्या" असे सांगितले, त्यामुळे कॉस्टिक मिसळून सायलोतील दूध खराब झाले.' मग तो फोन, मग ती बाटली, मग सही नसताना व्हॉल्व्ह उघडायची रीत. मग दूध टाकून दिल्याचं. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य: 'माझ्यामुळे ऑपरेटरला जो त्रास झाला त्याबद्दल मी त्यांची माफी मागते.'

साडेबाराला आबा आले. उभ्या उभ्या वाचलं. मी वाट बघत होते, आता तरी म्हातारा काही चांगलं बोलेल. त्यांनी कात्री उचलली आणि शेवटचं वाक्य कचकन कापलं.

"आबा!"

"ही दुसरी गोष्ट हाय. तिला दुसरा परिच्छेद. आन तो समितीला न्हाय द्यायचा." ती पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली आणि उरलेल्या कागदाखाली सही केली.

तीन वाजता मॅनेजरसाहेबांनी कागद उचलला. मी समोर, आबा भिंतीपाशी. साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. पुढचं वाचलंच नाही.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो, सर."

"कुणी लिहायला लावलं?"

मी आबांकडे बघितलं नाही. "कुणी नाही," म्हणाले. मग आबा पुढं झाले आणि त्यांनी स्वतःचा कागद टेबलावर ठेवला. त्यात एकच वाक्य होतं: फोनवरच्या होकारावर व्हॉल्व्ह उघडण्याची रीत मला माहीत होती आणि मी ती बंद केली नाही. साहेबांनी तेही वाचलं. एकच असल्यामुळं पूर्ण वाचलं.

दत्ताभाऊला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. आबांना मेमो मिळाला. माझं कायम होणं बारगळलं, आणि करार संपल्यावर नवा काही मिळाला नाही. अण्णा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पण दत्ताभाऊ कामावर परत यायच्या आदल्या दिवशीचा तो रविवार. दत्ताभाऊ शुक्रवारीच गावी गेला होता, इंदापूरच्या पुढं, नरसिंहपूरच्या रस्त्याला. मी माफीचा दुसरा परिच्छेद लिहिला होता, चार वेळा खोडून. आबांना विचारलं, पोस्टानं पाठवू का? ते म्हणाले, "गाडीवर बस." दुपारभर त्यांच्या मोटारसायकलीवर मागं बसून गेले. वाटभर माझ्या डोक्यात एकच. तोंडावर थुंकला तर? दार लावून घेतलं तर?

घर उसाच्या कडेला होतं. ओट्यावर दुधाचा कॅन भरून ठेवलेला, शेजारी दत्ताभाऊची आई. आबांनी ओळख सांगितली. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं. "तूच व्हय ती," एवढंच म्हणाली.

दत्ताभाऊ गोठ्यातून आला. मी पाकीट पुढं केलं. "दत्ताभाऊ, मी माफी..."

त्यानं पाकीट घेतलं, न उघडता खिशात घातलं. "ते ऱ्हाऊ द्या, मॅडम. तो पयला कागूद आणलाय का? समितीचा?"

आबांनी खिशातून झेरॉक्स काढली. म्हाताऱ्यानं ती आणली होती, मला न सांगता.

"गावात कुणीतरी उठवलंय, दत्तानं दुधात औषध टाकलं म्हणून," म्हातारीच सांगायला लागली. "मंगळवारपासनं डेअरीवाला आमचं दूध घेत न्हाय. आमच्या म्हशीचं! त्यो सांगतोय घसा फोडून, मी सुटलो, मी सुटलो. लोकं म्हनत्यात, कागूद दाव."

दत्ताभाऊनं कॅन उचलला. "चला मॅडम. दूध घालायची येळ झालीया. तितं वाचा."

मी आबांकडे बघितलं. ते आधीच चालायला लागले होते.

गावच्या डेअरीपुढं पंचवीस-तीस माणसं रांगेत होती. आम्हाला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. दत्ताभाऊ रांगेत उभा राहिला नाही, सरळ पुढं गेला आणि काट्याजवळ कॅन टेकवला. डेअरीवाला म्हणाला, "दत्ता, तुला सांगितलंय न्हवं..."

"आधी आयका. ह्या आमच्या लॅबच्या मॅडम हायत."

मी कागद उघडला. 'चार नंबरच्या लाईनचे पाणी न तपासता मी ऑपरेटरला...'

"मोठ्यानं वाचा," मागून कुणीतरी ओरडलं.

मी पुन्हा सुरुवात केली. मोठ्यानं. मी, माझं नाव सांगून, मी पणदऱ्याची, मी न तपासता "घ्या" म्हणाले. तिथवर आले आणि पुढचं वाचताच येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, मेलं थांबेचना. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "मंजी ह्या पोरीची चूक व्हती."

"व्हय," मी म्हणाले. "माझीच."

मग डेअरीवाला वाकला, त्यानं दत्ताभाऊच्या कॅनचं झाकण काढलं, माप घेतलं आणि ते दूध गावाच्या दुधात ओतलं.